डोळे शेवटी

शाडू भिजवल्याचा वास आला की मला पेणच्या रामवाडीतली ती बालवाडी आठवते.

मी रोह्याहून पेणला येऊन शिक्षिकेचा कोर्स करत होते. त्या दिवशी परीक्षक बाई माझा पाठ बघायला आल्या होत्या. मातीची बाहुली करायची होती. सगळ्या मुलांच्या झाल्या. मूर्तिकाराच्या घरातल्या चार वर्षांच्या सुलीने मात्र नाक केलं, लांब वेणी केली आणि डोळे केलेच नाहीत.

"काम अपुरं आहे. करून घ्या," बाई म्हणाल्या.

गुण जातील म्हणून मी डोळे कोरायला काडी घेऊन वाकले. सुलीने चिखलाचे दोन्ही हात बाहुलीवर पालथे घातले.

"नाय! ओली हाय ती. डोळं शेवटी, सुकून रंग दिल्यावर. माझा बाबा तसंच करतो."

मी काडी खाली ठेवली. "बाई, बाहुली अशीच राहील."

"पाठ तुमचा आहे की तिचा?"

"तिचा."

गुण गेले. पुढे कित्येक वर्षं मी तो 'तिचा' मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता कळतं, तोरा कसला? काडी तर माझ्याच हातात होती. बाईंना आणि मला, दोघींनाही अडवलं ते त्या एवढ्याशा पोरीने.

आजही कुणी तपासणीला येऊन माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाचं काम अपुरं म्हणालं, की मी मध्ये उभी राहते.

"ओलं आहे अजून. हात लावायचा नाही."