सहा पायऱ्या आणि होडीच्या फळ्या

आमच्या घरात ही गोष्ट मीच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितली तर माझी जास्त शोभा होते, असा अनुभव आहे.

बोलपट तेव्हा आमच्या रत्नागिरीला नवे होते आणि नाटकं अजून तग धरून होती. मी पंचविशीत होतो, शाळेत गणित शिकवत होतो आणि जगातली कुठलीही अडचण फळ्यावर मांडली की सुटते, अशी माझी समजूत होती. वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, बरीच वर्षं आमच्याकडेच होती. एका तापात तिचे पाय गेले. पुढे मुंबईला कुणा साहेबाचं बिऱ्हाड मोडलं, तिथली एक चाकाची खुर्ची आमच्या एका नातलगाने बोटीने पाठवून दिली. वेताची, मागे दोन मोठी चाकं, पुढे एक छोटं. त्या खुर्चीवर आत्या घरभर फिरायची, अंगणात जायची, आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची. फक्त नाटकाला जात नसे.

नाटकाचं तिला वेड होतं. थिएटर दोन गल्ल्या पलीकडे. तिथली पदं वाऱ्यावर आमच्या पडवीपर्यंत यायची आणि ती खुर्चीच्या हातावर ताल धरायची. पाय गेल्यावर एकदा चौघांनी तिला उचलून थिएटरात नेलं होतं.  दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पडदा वर जायच्या आधी माझाच प्रवेश झाला. सगळं थिएटर माझ्याकडे बघत होतं." आणि वर एवढंच, "चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच. तेव्हा मला नाटक बघायचं नसेल."

त्यानंतर दोन वर्षं ती गेली नाही. मग गावात एक नाटक कंपनी आली. खाडीपलीकडच्या लोकांना उजेडी घरी पोचता यावं म्हणून तिने रविवारी दुपारचे खेळ लावले. आत्या मला म्हणाली, "मास्तर, मला खुर्चीतून नेतोस का? खुर्चीसकट. कुणी हात लावायचा नाही."

मास्तर म्हटलं की मी फुगायचो, हे तिला माहीत होतं.

मी टेप घेऊन थिएटरवर गेलो. पत्र्याचं थिएटर, पण जोतं चिऱ्याचं आणि चांगलं उंच. बायकांच्या बाजूच्या दाराला सहा पायऱ्या. मी उंची मोजली, चाकांमधलं अंतर मोजलं, चढाचा कोन काढला. आठवडाभर माझं दुसरं काही चाललं नव्हतं. वर्गात मुलांना काळ-काम-वेग सांगताना मी मध्येच थांबायचो. जेवताना ताटात वरणाने उतरण काढायचो. आई म्हणायची, "अरे, भात कालव."

फळ्या लांब हव्या होत्या. तशा गावात कुणाकडे नव्हत्या. म्हणून मिरकरवाड्याला गेलो. तिथे एक ओळखीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्याच्याकडे होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या तीन दणकट फळ्या होत्या. मी फूटपट्टी लावली. हिशेबात अगदी बसल्या.

"न्या मास्तर," तांडेल म्हणाला. "पण सांजेच्या आत परत हव्या. होडी वर घ्यायचीय."

फळ्या जरा काळपट दिसत होत्या. मी त्याचा विचार केला नाही. लांबीचा केला.

रविवारी गाडीवानाने फळ्या आणून पायऱ्यांवर टाकल्या. तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्या तर सगळ्या पायऱ्या झाकल्या गेल्या. आत्या नवं लुगडं नेसून, केसांत फूल न माळता पण मान ताठ करून आली. मी खुर्ची मागून ढकलली. अर्ध्यावर गेलो असेन, माझे पाय सटकले. मी पालथा, खुर्ची माझ्या पाठीवर येऊन टेकली, आणि आम्ही दोघं सावकाश, अगदी गंभीरपणे, खाली आलो.

आत्या वळूनही न बघता म्हणाली, "हातचा घ्यायचा राहिला वाटतं."

मी उठून हात हुंगले. मुशी माशाचं तेल. होडी घसरावी म्हणून त्या फळ्या वर्षानुवर्षं तेच पीत आल्या होत्या. गणित बरोबर होतं. फक्त ज्या फळ्यांचं कामच घसरवणं, त्या मी चढायला आणल्या होत्या.

मागे मिरकरवाड्यातल्या दोन मासेवाल्या उभ्या होत्या, नाटकाला आलेल्या. त्यांतली थोरली म्हणाली, "मास्तरानू, होडी चढवताव की बायला?"

डोअरकीपर नाकाला उपरणं लावून आला. "अहो मास्तर, पहिल्याच अंकात ऋषींच्या आश्रमाचा देखावा आहे, आणि हा वास! त्यापेक्षा बाईंना उचलूनच घेऊ."

"मी उचलू देईन असं समजू नका," आत्या म्हणाली.

शेवटी त्यानेच आतून पडदा ओढायची जादा दोरी आणली. खुर्चीला बांधली. वरून तो आणि दोन प्रेक्षक ओढतात, खालून मी गुडघ्यांवर रेटतो, आणि मासेवाल्या होडी ओढताना देतात तसा आवाज देतात, अशी आत्या आत गेली. तिला कुणी हात लावला नाही. बाकांच्या टोकाला, वाटेतच, तिची खुर्ची लागली. आजूबाजूच्या बायकांनी पदर नाकाला लावले. त्या दोघी मासेवाल्या तेवढ्या तिच्या शेजारी ऐसपैस बसल्या.

मी पुरुषांच्या बाजूला. नाटक सुरू झालं. काय होतं ते मला विचारू नका. माझ्या डोक्यात एकच, चढवली खरी, आता उतरवायची कशी? चढताना घसरली ती मागे आली. उतरताना घसरली तर सरळ रस्त्यापलीकडच्या गटारात. पहिल्या अंकात मी तीनदा बाहेर जाऊन फळ्या बघून आलो. शेजारचे गृहस्थ पाय आखडून घेऊन वैतागले. "पोट बिघडलंय का?" त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हटलं. तेच सोपं होतं.

दुसऱ्या अंकात आत्याकडे नजर गेली. ती पुढे वाकून, ओठांनी पद म्हणत बसली होती. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. ते बघून मला आणखीच घाबरायला झालं. आता एवढं झाल्यावर शेवटी तिला चौघांनी उचललं, तर पुन्हा ती या दारात पाऊल, म्हणजे चाक, टाकणार नाही.

तिसऱ्या अंकाला मी आत गेलोच नाही. शेजारच्या घरातून राख आणि काथ्या मागून आणला आणि फळ्या घासायला बसलो. घासल्या, वाळू टाकली, पुन्हा घासल्या. बोटं सोलली. आत टाळ्या पडल्या, नाटक संपलं, बायका दाराशी आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"आम्ही काय घसरत जायचं?"

"दोनच मिनिटं," मी म्हणालो. "हा शेवटचा हात."

त्या बडबडत मागे फिरल्या. मी आत्याची वाट बघत उभा. दार रिकामं झालं. आत डोकावलो तर एक माणूस झाडू मारत होता. खुर्ची नाही. मी पुढच्या बाजूला धावलो.

आत्या रस्त्यावर खुर्चीत बसून त्या मासेवाल्यांशी नाटकातल्या राजाच्या आवाजाविषयी बोलत होती.

"कशी उतरलीस?"

"तुझ्या फळ्यांनी आमचं दार अडलं. मग आम्ही सगळ्याजणी पुरुषांच्या दाराने आलो."

"पण तिथल्या पायऱ्या?"

"खुर्ची मागं कलती केली," थोरली मासेवाली म्हणाली, "आनि मोठ्या चाकांवरना येकेक पायरी. चाक काय अधांतरी गेला नाय."

"चढतानाही उलटी ओढली असती तर चाललं असतं," आत्या म्हणाली. "पण तू मोजत होतास, म्हणून बोलले नाही."

त्या दोघी तिला घरी घेऊन गेल्या. मी फळ्या घेऊन मिरकरवाड्याला. तांडेलाने फळीवर हात फिरवला. मग बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. पांढरी, कोरडी, खरखरीत फळी. त्याने तेलाची करवंटी माझ्या हातात दिली. तिन्ही फळ्या माखून होईपर्यंत त्याची होडी पाण्यात आणि मी ओणवा.

घरी आईने मला पडवीच्या पुढे येऊ दिलं नाही. आत्याने आतूनच तिसरा अंक सांगितला, पदांसकट.

पुढच्या रविवारी फळ्या नव्हत्या. मासेवाल्यांनी आत्याला उलटी ओढून वर नेलं, डोअरकीपरने दाराची कडी धरून ठेवली. मला फक्त बसायचं होतं. मी बसलो, आणि दर थोड्या वेळाने मान वळवून बायकांच्या दाराकडे बघत राहिलो. अखेर मागच्या रांगेतून कुणीतरी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं.

"अहो, नाटक समोर आहे."