बारा बाटल्या पाणी आणि नोएडातलं एक घर

मिरज स्टेशनवर हमालाने माझी पेटी उचलली आणि आत काय खुळखुळतंय म्हणून विचारलं. रिकाम्या बाटल्या, असं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून मी निवृत्त झाले होते आणि नोएडाला धाकट्या बहिणीकडे निघाले होते. दिल्लीला जाणारे लोक लाल किल्ला, कुतुबमिनार मनात घेऊन निघतात. मी निर्जंतुक केलेल्या बारा बाटल्या घेऊन निघाले होते.

त्याला कारण होतं. दिवाळी झाल्यापासून वसुधाच्या घरात कुणीच धड नव्हतं. तिचं डोकं सकाळपासून ठणकायचं, उलटी आल्यासारखं व्हायचं. तिचे यजमान प्रकाशराव केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, ते हल्ली साध्या गोष्टी विसरायला लागले होते. मुलगी मिताली बारावीला, घरी बसून अभ्यास करायची, पण पान उलटलं की आधीचं आठवत नाही म्हणून रडायची. एका डॉक्टरांनी प्रदूषण सांगितलं, दुसऱ्यांनी पित्त, तिसऱ्यांनी परीक्षेचा ताण. "ताई, आमच्या पाण्यात काहीतरी आहे," असं वसुधा फोनवर म्हणाली, आणि मी तिकीट काढलं.

मथुरा गेल्यावर खिडकीबाहेर पाहिलं, तर सूर्य असूनही नव्हता. शेतं, वीटभट्ट्या, पूल, सगळं राखेच्या पडद्यामागे. समोरच्या बाकावर फरीदाबादचे एक गृहस्थ होते, त्यांना हा कोहरा (धुकं) का, असं विचारलं. ते म्हणाले, थोडा कोहरा, थोडा धूर, आता वेगळं कोण करत बसतं.

नोएडातल्या एका सेक्टरमध्ये वसुधाचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडताच तिने मला आत ओढलं आणि दार लगेच लावून घेतलं. खिडक्यांच्या सगळ्या फटींवर रुंद चिकटपट्टी होती, स्वयंपाकघरातल्या झरोक्यावर पुठ्ठा. कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र घरघरत होतं आणि त्यावर हिरवा दिवा होता. हा हिरवा राहिला पाहिजे, बस, असं वसुधा म्हणाली. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. तरी तिने माझ्यासाठी मुळ्याचे पराठे केले होते, वर पांढरं लोणी, आणि मागून गाजराचा हलवा. मितालीने दोन घास खाऊन ताट सरकवलं. मळमळतंय का, असं मी विचारलं, तर तिने आईकडे पाहिलं. ती हिंदीत वाढलेली, तो शब्दच तिला माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकामागून एक आंघोळी झाल्या. चहा घेताना माझंही डोकं धरलं. प्रवासाचा शीण असेल म्हणून मी कामाला लागले. नळाचं पाणी, गच्चीवरच्या टाकीचं, गाळणीच्या यंत्राचं, शेजाऱ्यांकडचं. एकेक बाटली भरायची, क्रमांक लिहायचा, वहीत नोंदवायचं. सगळं झाल्यावर पाहिलं, तर सात क्रमांक दोन बाटल्यांवर होता आणि आठ कुठेच नव्हता. तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. कुठली बाटली टाकीची आणि कुठली शेजाऱ्यांची हे कितीतरी वेळ आठवेना. शेवटी दोन्ही ओतून पुन्हा भरल्या, आणि कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी खाली कुणीतरी पालापाचोळा जाळला. बाथरूमच्या छोट्या खिडकीला एक फट राहिली होती, तिथून जळका वास येऊ लागला. वसुधाचा हात पोहोचत नव्हता. मी स्टुलावर चढले आणि ती फट पट्टी लावून पक्की बंद केली.

माझी एक जुनी सहकारी मानेसरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत होती. तिसऱ्या दिवशी बाटल्या घेऊन तिकडे गेले. मेट्रो, मग टॅक्सी, शेवटचा टप्पा शेअर रिक्षात, कारखान्याच्या गणवेशातल्या कामगारांच्या मांडीला मांडी लावून. निघताना डोकं इतकं दुखत होतं, की मेट्रोत चुकीच्या बाजूच्या गाडीत बसले आणि दोन स्टेशनांनंतर उतरून परत आले. मानेसरला धुराड्यांच्या रांगा, ट्रकांची धूळ, हवेला लोखंडाचा वास. बाटल्या देऊन रस्त्यालगतच्या एका ढाब्यावर कढी-चावल मागवलं आणि जेवताना लक्षात आलं, की डोकं दुखायचं थांबलंय. भूकही कडकडून लागली होती. इतक्या घाण हवेत मला बरं का वाटावं, हे काही कळेना. कढी चांगली होती, एवढाच निष्कर्ष काढता आला.

पुढच्या आठवड्यात प्रकाशराव कामाच्या निमित्ताने मला सोबत दिल्लीला, त्यांच्या ऑफिसात घेऊन गेले. दुपारी कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी जेवण मिळणाऱ्या एका अतिथिगृहात आम्ही जेवलो. आमटी आपल्या चवीची होती. ते सहज म्हणाले, "ऑफिसात आलं की दुपारपर्यंत माझं डोकं हलकं होतं. घरी गेलो की पुन्हा तेच. ताई, मला घरचा कंटाळा आलाय की काय, असं वाटायला लागलंय." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना धीर दिला आणि वहीत लिहिलं, की ऑफिसातलं पाणी वेगळं आहे, म्हणून तिथे बरं वाटतं. माझ्याजवळ एकच उत्तर होतं. प्रत्येक प्रश्न मी त्यातच बसवत होते.

अहवाल आला. पाणी स्वच्छ होतं. जंतू नाहीत, शिसं नाही, नायट्रेटही नाही. माझा विश्वास बसेना. अजून न तपासलेलं काहीतरी असणार म्हणून मी त्याच दिवशी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी पाण्याचे मोठे कॅन मागवले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचंच डोकं दुखलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मितालीने दोन पराठे खाल्ले आणि एक धडा न विसरता म्हणून दाखवला. वसुधाने शेजारणींना फोन केले. मी मानेसरच्या मैत्रिणीला कळवलं, की तुमचं यंत्र पुन्हा तपासून घ्या. खरं सांगायचं तर मला फार अभिमान वाटत होता.

चौथ्या दिवशी सकाळी मिताली आंघोळीला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हाक मारली, तर नुसता पाण्याचा आवाज. कडी जुनी होती, प्रकाशरावांनी खांदा मारल्यावर उघडली. ती भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला, गाल लालबुंद. टॉवेल गुंडाळून आम्ही तिला उचललं आणि जिन्याकडे धावलो. वसुधा मागून ओरडत होती, दार उघडं ठेवू नका, धूर आत येईल. जिन्याच्या जाळीतून तीच राखाडी हवा येत होती. तिथे पायरीवर टेकवलं, तेव्हा मितालीने डोळे उघडले आणि ओकली.

जवळच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. मी तिला पाण्याची सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली. तिने माझी वही हातातही घेतली नाही. मितालीला ऑक्सिजन लावता लावता तिने विचारलं, "घर में गीज़र बिजली का है या गैस का?"

गॅसचा, बाथरूममध्येच, असं प्रकाशरावांनी सांगितलं. स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याच्या नळाला नळी त्यातूनच.

"और खिड़की?"

मी सांगितलं, की पट्टी लावून बंद आहे.

तिने समजावलं. गॅस जळायला हवा लागते. ती पुरली नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूळ गाळणाऱ्या यंत्राला तो कळतही नाही. सगळ्यांचं रक्त तपासलं, तो चौघांच्याही रक्तात होता. मग मला त्या दोन चांगल्या दिवसांचा उलगडा झाला. कॅन आले, त्याच दिवशी गीझरचा सिलिंडर संपला होता. दोन दिवस आम्ही विजेच्या सळईने बादलीत पाणी तापवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवा सिलिंडर आला. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मी ते वहीत लिहिलंसुद्धा नव्हतं.

बाहेरच्या बाकावर मी वसुधाला म्हटलं, "शेवटची फट मी बंद केली."

ती म्हणाली, "बाकीच्या सगळ्या मी आणि मितूने केल्या, ताई. दोन दिवस लागले आम्हाला. तिला श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून." आणि ती रडायला लागली.

मितालीला दोन दिवसांनी घरी सोडलं. प्रकाशरावांनी आधीच गीझर उतरवून विजेचा बसवला होता. बाथरूमची पट्टी मी स्वतः खरवडून काढली, नखं दुखेपर्यंत. वसुधाने स्वयंपाकघरातला पुठ्ठा काढला. तासाभरात यंत्राचा हिरवा दिवा लाल झाला आणि मितालीला ठसका लागला. आम्ही दोघी बहिणी त्या झरोक्याखाली उभ्या होतो. वसुधाने माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या गाडीत झाशीनंतर ऊन दिसलं, खरं, पिवळं ऊन. डब्यातले लोक खिडक्या उघडायला लागले. मी विचार करत होते. तीस वर्षं आजारी माणसाला मी एकच विचारत आले, की पाणी कुठलं पिता. तुम्हाला बरं कधी वाटतं, कुठे गेल्यावर वाटतं, हे कुणालाच विचारलं नाही. प्रकाशरावांनी तर न विचारता सांगितलं होतं.

आता वसुधाचं डोकं दुखत नाही. मितालीचा अभ्यास चालू आहे. पण सकाळी साडेसातला सांगलीत माझा फोन वाजतो, रोज. आज खिडकी उघडू का, असं वसुधा विचारते. मी बाहेर काय दिसतंय ते विचारते. समोरची इमारत दिसते का, मितू खोकतेय का. ती एकेक सांगते. मग मी कधी उघड म्हणते, कधी राहू दे म्हणते, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर मला वाटत राहतं, की आज चुकलं.