वालावलच्या आउटबॉक्समधला मेल

या धाग्यावरचे अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसते. माझं कामच तसं आहे. कॉम्प्युटर आपोआप बंद होतो, आपोआप फाइल उघडते, स्क्रीनवर भलतीच अक्षरं येतात... लोक घाबरून फोन करतात आणि शेवटी निघतं सैल झालेलं वायरचं टोक किंवा पंख्यात अडकलेली पाल. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते सापडेपर्यंत शोधायचं, एवढंच मला शिकवलं गेलं. म्हणून हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

फेब्रुवारी २००७. मी कुडाळला एका कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीचं काम करत होते. (आजही तेच करते, दुकान बदललंय.) डिसेंबरमध्ये माझं बाळ गेलं होतं. आठवा महिना होता. मुलगी. पोटातच गेली. महिनाभर माहेरी, तारकर्लीला राहिले आणि परत येऊन कामाला लागले.

त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. मी रडत नव्हते. झोपही लागत होती. लोक समोर बोलायचे ते ऐकू यायचं, पण मधे काच असल्यासारखं. नवरा काजू फॅक्टरीत, तो सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, जेवायचा. वाईट नव्हता, बोलत नव्हता इतकंच. सासूबाईंनी बाळाचे शिवून ठेवलेले कपडे कुठेतरी ठेवून दिले. कुठे ते मी विचारलं नाही.

तर एका सकाळी मालक म्हणाले, "वालावलाक जातंस काय गो? एक निवृत्त मास्तर आसत. त्यांचो मेलचो प्रोग्राम अडकता. फोनवर काय सांगूक जायना, त्यांका आयकाक येना नाय."

मी एसटीने गेले. देवळाजवळ उतरून तळ्याच्या कडेने दहा मिनिटं चालत गेलं की मास्तरांचं घर. नाव लिहीत नाही, सर म्हणते. सत्तरीच्या पुढचे, ताठ, पांढरा सदरा. दार उघडल्याबरोबर मोठ्याने म्हणाले, "या! तुम्हीच का कुडाळच्या? जरा मोठ्याने बोला हां, मला कमी ऐकू येतं." कामाच्या माणसाशी बोलतात तशी शुद्ध मराठी.

घरात ते एकटेच. बायको गणपतीच्या आधी गेली, असं त्यांनी आत जाता जाताच सांगितलं. मुलगी सुजाता मस्कतला. तिचे दिवस भरत आले होते. फोनवर सरांना काही ऐकू येत नाही, पूर्वी फोन त्यांची बायकोच घ्यायची. आता शेजारी घेतात आणि निरोप सांगतात, पण सर म्हणाले, "मुलीचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून किती दिवस ऐकायचं?" म्हणून मेल. मेल उघडून वाचायला बायकोने त्यांना जिवंतपणी शिकवलं होतं. उत्तर ते एकाच बोटाने टाइप करायचे, तेही इंग्रजी अक्षरांत, आणि दरवेळी तेच... vachale, baba. एवढ्याला त्यांना पाच मिनिटं लागायची.

जावयाचा कुणी मित्र गोव्याहून आला होता, तो भल्यासाठीच सिस्टीमच्या अपडेटची सीडी टाकून गेला. तेव्हापासून मेलचा प्रोग्राम उघडला, टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेटचा फोन लागला, की खाली पट्टी यायची 'एक पैकी एक पाठवत आहे' आणि सगळं गोठायचं. माउसही हलायचा नाही. अकरा दिवस झाले होते.

"अकरा दिवस!" सर म्हणाले. "ती बाळंत झाली असेल, नसेल, काही कळायला मार्ग नाही."

मी मान हलवली. 'बाळंत' हा शब्द ऐकून मला काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. मी खुर्ची ओढली आणि बसले.

दुखणं ओळखीचं होतं. आउटबॉक्समध्ये एखादा मेल अडकला की असं होतं, अपडेटनंतर तर हमखास. मी टेलिफोनची वायर काढली, प्रोग्राम उघडला. आउटबॉक्सपुढे एकचा आकडा, पण यादी रिकामी. म्हणजे फाइल बिघडलेली. ती फाइल बाजूला काढून ठेवली, प्रोग्रामला नवी कोरी करू दिली, वायर परत लावली. मोडेमची शिट्टी वाजली, पट्टी सरकली... आणि एकामागून एक नऊ मेल आले. सगळे सुजाताचे.

सरांनी चष्मा लावला. माझ्या मागे उभे राहून ते सगळे मेल मोठमोठ्याने वाचत होते. त्यांना स्वतःचा आवाज तेवढाच ऐकू येत असावा. शेवटचा आदल्या दिवशीचा होता. 'बाबा, तुम्ही उत्तर का देत नाही? शुक्रवारी ॲडमिट व्हायचंय. मला भीती वाटते. एक शब्द तरी लिहा.'

सर माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि एका बोटाने लिहायला लागले. v... a... c... मी बघत बसले. पाठव म्हटल्यावर मेल लगेच गेला. त्यांनी डोळे पुसले आणि चहा करायला आत गेले.

खरं तर माझं काम संपलं होतं. पण बाजूला ठेवलेल्या फाइलमध्ये नेमकं काय अडकलंय ते बघून ठेवावं, हा माझा नेम. ती फाइल उघडायला एक लहानसा प्रोग्राम माझ्या सीडीवर होता. आत एकच मेल होता. सरांच्या बायकोने सुजाताला लिहिलेला. तारीख ऑगस्टची.

इथेच मला पहिल्यांदा खटकलं. ऑगस्टपासून सर रोज फोन लावून मेल आणत होते, स्वतःची उत्तरं पाठवत होते. ती सगळी गेली. मग हा एक सहा महिने आत कसा राहिला? पहिल्याच फोनला जायला हवा होता.

सर दोन कप घेऊन आले. माझा कप कीबोर्डजवळ ठेवला. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. ते वाकले, तारीख वाचली आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"ह्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी ती गेली," ते म्हणाले. "पहाटे. झोपेतच."

मी उठू लागले. हा त्यांचा घरचा मेल, मी कशाला? पण त्यांनी मला खूण करून बसवलं. "थांबा. सुजाता देवनागरीत पाठवते, हे इंग्रजी अक्षरांतलं मला पटकन वाचता येत नाही. अडलो तर सांगा."

आणि ते वाचायला लागले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मालवणी, एकेक शब्द जुळवत, वर्गात धडा वाचावा तशी खणखणीत आवाजात. जसं आठवतं तसं लिहिते –

'गो बाय, आज कुडाळची एक बाई इली होती. तिना कॉम्प्युटर बरो केल्यान. तुझे सगळे मेल इले, बाबा रडले. मगे बाबांनी तिका चाय केली, साखर घालूक इसारले. तिना चाय घेऊक नाय, तशीच थंड झाली, म्हणान तिका कळूक नाय...'

सर थांबले. माझ्याकडे बघितलं. मग कपाकडे.

मी कप उचलला. खरंच, तोपर्यंत तोंडाला लावला नव्हता. एक घोट घेतला. साखर नव्हती.

मी तसं सांगितलं नाही. कप परत ठेवला.  सर पुढे वाचायला लागले.

'तिचा बाळ गेला गो. आठव्या महिन्यात. चेडू होता. ती कोणाकडे काय बोलना नाय. तिका बाळाचा नाव कोणी इचारूक नाय...'

"ह्या कोणाचा?" सरांची शुद्ध मराठी गेली होती. "कोणाचा बाळ?"

"माझं," मी म्हटलं.

"काय?"

"माझं."

त्यांनी कानामागे हात धरला. "आयकाक येना नाय गो. मोठ्यान सांग."

"माझं, सर!" मी ओरडले. "माझं बाळ! माझी मुलगी गेली!"

दोन महिन्यांत हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं. घरात सगळ्यांना माहीतच होतं, बाहेर कुणी विचारलं नव्हतं. आता ते त्या घराच्या पुढच्या ओटीवर ओरडून सांगितलं. बाहेर माडावर कुणीतरी नारळ काढत होतं, त्याच्या कोयत्याचा आवाज थांबला.

 सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि काढला. मग शेवटची ओळ वाचली.

'माका इचारूक जमाचा नाय. तू इचार.'

संपला. खाली नेहमीसारखं 'आई'.

मी हिशेब केला. मनात नाही, बोटांवर. त्या तारखेला मला चौथा महिना होता. माझी मुलगी जिवंत होती. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिचे ठोके मला ऐकवले होते. आणि सरांना, त्यांच्या बायकोला, सुजाताला मी जन्मात कधी भेटले नव्हते.

मग मला जे येतं ते मी केलं. कारण शोधलं. मशीनचं घड्याळ तपासलं, बरोबर. आतला सेल काढून मोजला, चांगला. त्या आठवड्यात सरांच्या बायकोने पाठवलेले बाकीचे मेल बघितले, तारखा ओळीने नीट. फाइल शेवटची बदलल्याची तारीखही तीच, ऑगस्टची. मी येण्याआधी कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवलं म्हणावं, तर अकरा दिवस प्रोग्राम कुणाला वापरताच येत नव्हता. आणि साखर? ती तर मी तिथे बसलेली असतानाच विसरली गेली.

"आता ह्याचा काय करूया?" सरांनी विचारलं.

मी मोठ्याने म्हटलं, "सर, पाठवायला नको. ती शुक्रवारी ॲडमिट होणार, तिला असलं काही वाचायला... निदान तो बाळाचा भाग मी काढते."

सर स्टुलावर ताठ बसले. "नाय. तिना लिवलेला हा. एक अक्षर काढूचा नाय." मग जरा थांबून, हळू, "पण तू म्हणतस ता खरा. शुक्रवार जांव दे. बाळ येंव दे. मगे धाडूया."

मी तो मेल ड्राफ्टमध्ये ठेवून दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते त्यांना कागदावर लिहून दिलं. निघताना त्यांनी चहा परत करू का विचारलं. मी नको म्हटलं. एसटीत बसले. कुडाळ येईपर्यंत बाहेर बघत होते, काय दिसलं ते सांगता येणार नाही. घरी कुणाला काही बोलले नाही. जेवण केलं, भांडी घासली.

मार्चच्या मध्याला दुकानात फोन आला. दुपारची वेळ, मी एका प्रिंटरची शाई भरत होते, हात काळे. मालकांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावून धरला.

"मी सुजाता. मस्कतहून." आवाज माझ्याच वयाच्या बाईचा. मागे तान्ह्या बाळाचं रडणं. "बाबांनी आईचा मेल पाठवला."

"हो," मी म्हटलं.

"मला काही कळत नाही हे काय आहे. तुम्हालाही कळत नसणार."

"नाही."

 तिने बाळाला थोपटलं असावं, रडणं थांबलं. मग ती मालवणीत म्हणाली, "आवयन माका एक काम सांगल्यान हा. ता करतंय. बाळाचा नाव काय होता गो?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मालक रिसीव्हर धरून भिंतीकडे बघत होते.

नाव होतं. सहाव्या महिन्यातच मी मनात ठेवलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, बारशाच्या दिवशी सांगणार होते. मी ते तिला सांगितलं. पहिल्यांदा नीट आलं नाही म्हणून परत सांगितलं. तिने ते एकदा, सावकाश, बरोबर उच्चारलं. मग म्हणाली, "बरा. ठेवतंय." फोन ठेवला.

मी हात धुतले. रडू आलं नाही. त्या संध्याकाळी नवरा जेवायला बसला तेव्हा मी त्याला म्हटलं, तिचं नाव मी हे ठेवलं होतं. त्याने घास ताटात ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डिसेंबरपासून पहिल्यांदाच तो माझ्यासमोर रडला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ बसलो.

सर दोन वर्षांपूर्वी गेले. सुजाता तेव्हा आली होती, मुलीला घेऊन. आम्ही दोघींनी तो मेल परत एकदा काढून बघितला, तीच तारीख, तेच शब्द. तिने मस्कतच्या एका तज्ज्ञालाही दाखवला होता. तो म्हणाला, फाइल ठीक आहे, हा मेल ऑगस्टमध्येच लिहिलेला आहे. यापलीकडे तो काही सांगू शकला नाही.

इथे बरेच जाणकार आहेत, म्हणून सगळं जसंच्या तसं लिहिलं. कुणाला कारण दिसलं तर सांगा, मी खरंच ऐकेन. मी शोधायचं थांबवलेलं नाही. पण तीन वर्षांत मला ते सापडलेलं नाही, आणि सापडेल असंही आता वाटत नाही.