फाटकाअलीकडचे खंडूअण्णा

कांद्याच्या वखारीत शिरताना खंडूअण्णा बायकांना विचारायचे, "केमोन आछेन?" गोण्या शिवणाऱ्या बायका हसून म्हणायच्या, "बरं हाय, अण्णा!" बंगालीतली ही एवढीच कमाई त्यांनी बांगलादेशच्या हद्दीवरून आणली होती आणि कळंबमध्ये ती बिनदिक्कत खर्च करायचे.

अण्णांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. अण्णांनी कांदा धरला. जुन्नर-आंबेगावचा कांदा ते बांगलादेशात पाठवत. घेणारा माणूस एकच, नजरुल. मोडक्या हिंदीत दोघं फोनवर बोलत बसत. त्यात कांद्याचं बोलणं थोडंच असे. मी अण्णांकडे कारकून होतो. कुणी "तुमचा माल परदेशात जातो" म्हटलं, की अण्णा म्हणायचे, "परदेश कसला, राव? शेजारी हाय त्यो. परदेश म्हंजे दुबई."

एका हंगामात मी त्यांच्याबरोबर हद्दीवर गेलो. आमचे ट्रक रांगेतून सरकत होते, फाटक दिसायला लागलं होतं, आणि दिल्लीहून निर्यातबंदी आली. आपल्याकडे कांदा महागला होता. अण्णा कस्टमच्या साहेबाकडे गेले.

"साहेब, दोन्ही देश जगाच्या व्यापार संघटनेत हायेत म्हणं. शेजाऱ्याशेजाऱ्यांचा करार बी हाय. मग फाटक कसं लावता?" त्यांचं निम्मं मराठी मी हिंदीत सांगितलं.

साहेब वाईट नव्हता. त्यानं आम्हाला चहा दिला. म्हणाला, "घरात टंचाई झाली, तर सरकारला धान्य-भाजी थोडे दिवस अडवता येते. त्याच नियमांत तशी सोय आहे. करार कुणी मोडलेला नाही."

अण्णांनी चहा तसाच ठेवला.

पलीकडे नजरुल येऊन उभा होता. आम्हाला तो दिसत होता. फोनवर म्हणाला, "दादा, इकडे बाजारात कांदाच नाही. लोक माझ्या दुकानासमोर उभे आहेत." अण्णा रोज ताडपत्र्या सोडून कांद्याला वारा द्यायचे, कुजके हातानं वेचून काढायचे. तिथली हवा दमट. गोण्यांतून पाणी गळायला लागलं. शेवटी सगळा माल रस्त्याकडेच्या खड्ड्यात ओतावा लागला. नजरुल तोवर रोज फाटकापाशी येत होता.

पुढच्या हंगामात आपली बंदी उठली. पण तिकडे त्यांच्याच शेतकऱ्यांचा कांदा निघाला होता, म्हणून त्यांच्या सरकारनं आयातीचे परवाने थांबवले. ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा नजरुलनं दुसऱ्याच देशातून माल मागवायला सुरुवात केली होती. तसं त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. "रागावू नका, दादा. एकाच दाराच्या भरवशावर किती दिवस बसू?"

"न्हाई रं बाबा," अण्णा म्हणाले. "तुझ्या जागी म्या बी त्येच केलं असतं."

फोन ठेवल्यावर ते वखारीच्या दारात बसून राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कुणावर चिडावं, त्येच कळंना झालंय."

धंदा तुटला, फोन मात्र तुटले नाहीत. ईद असो, दिवाळी असो, दोघं बोलायचेच.

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. नजरुलला मीच कळवलं. त्याला यायचं होतं. पण त्या दिवसांत व्हिसाच मिळत नव्हते. "अग्नी देताना फोन लाव, कापू नको," एवढंच म्हणाला. नदीकाठी चितेपाशी मी त्याला फोन लावला आणि तो हातात धरून उभा राहिलो. माणसं घराकडे परतली, तरी त्यानं फोन ठेवला नव्हता.