डिव्हॉइड आमटी

गेल्या मे महिन्यात माझ्या बांगड्याच्या आमटीला एक इंग्रजी विशेषण चिकटलं. मालवणहून कट्टा गावाला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. दोन खोल्या पर्यटकांना देतो. रांधायचं मी आणि पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायचं माझ्या नवऱ्याने. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो, आणि मीसुद्धा.

त्या दिवशी चौघं गाडीतून उतरली ती ‘अगदी ऑथेंटिक मालवणी’ हवं म्हणतच. मग त्यांच्यातल्या बाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. तिरफळ नको, वास उग्र. खोबरं नको, कोलेस्टेरॉल. मिरची नको, मुलांना सोसत नाही. कोकम नको, साहेबांना आंबट बाधतं. मीठ बेतानेच. मी विचारलं, हळद तरी घालू? हळदीला परवानगी मिळाली. मग पिवळ्या पाण्यात बांगडे पोहायला सोडले आणि वाढले. जाताना चौघांनी माझ्यासोबत फोटो काढला, ‘थँक्यू काकी’ म्हटलं.

दोन दिवसांनी मोबाईलवर त्यांचा अभिप्राय आला. खोल्या स्वच्छ, काकी प्रेमळ, आमटी मात्र ‘डिव्हॉइड ऑफ एनी मालवणी फ्लेवर’. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि मोबाईल चटकन खिशात घातला. तेव्हाच मी ओळखलं, शब्द काही बरा नाही.

“काय ता सरळ सांगा,” मी म्हटलं.

इंग्रजीचा विषय निघाला की हा माणूस घरातही प्रमाण मराठीत शिरतो. “डिव्हॉइड म्हणजे विरहित. एखाद्या गोष्टीचा संपूर्ण अभाव. याच्यापुढे ‘ऑफ’ लागतोच. आणि जे असायला हवं तेच नसेल, तर हा शब्द शोभतो. जसं अर्थाविना भाषण, मायेविना माणूस.”

आणि चवीविना आमटी. बायकोचा जीव जळत असताना वाक्यात उपयोग करून दाखवायला मास्तरच हवा.

मला रडू आलं, ते कशाला लपवू? या हातची आमटी खाऊन लग्नांच्या पंगती उठल्या आहेत, आणि आता सगळं जग वाचणार की हिला चवच नाही. मी सांगून टाकलं, खोल्या खुशाल द्या, माझं रांधणं बंद. पुढच्या शनिवारच्या पाहुण्यांना कुडाळात जेवून यायला सांगा. तिरफळांची बरणी वरच्या फळीवर ठेवली. घरात सकाळ-संध्याकाळ पेज आणि लोणचं सुरू झालं.

पेजेने माणूस फार नम्र होतो. चारेक दिवसांनी मास्तर जाडजूड शब्दकोश घेऊन चुलीपाशी आले.

“अगो, त्या शब्दाची उत्पत्ती तरी ऐक. जुन्या फ्रेंचमधून आलाय. मुळात ते क्रियापद होतं, आतलं काढून टाकणं, रिकामं करणं. म्हणजे डिव्हॉइड हे नुसतं रिकामं नव्हे बरं का, रिकामं केलेलं.”

मी हातातला डाव खाली ठेवला. “कोणी केल्यान?”

“काय कोणी?”

“रिकामा कोणी केल्यान, ता लिवलला आसा काय तुमच्या पुस्तकात?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढ्या वर्षांत कोणी विद्यार्थ्याने हे विचारलं नसावं. मग त्यांना हसू फुटलं.

त्या अभिप्रायाखाली उत्तर देता येतं, असं ते म्हणाले. स्वतःहून त्यांनी जे लिहिलं त्यात गैरसोयीबद्दल क्षमा होती, पुन्हा येण्याचं निमंत्रण होतं, आणखी काय काय होतं. ते सगळं मी पुसायला लावलं. माझं त्यांनी कुरकुरत इंग्रजीत घातलं: ‘बाई, तुम्ही काढा म्हणालात ते सगळं मी काढलं. मागे उरली ती चव तुमची.’

मग बरणी खाली आली. खोबरं वाटलं, तिरफळं ठेचली, कोकमं टाकली. मास्तरांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं आणि एकही विशेषण लावलं नाही. इतकं बरं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी शनिवारच्या पाहुण्यांचा फोन आला; कुडाळात जेवून या, हे मास्तरांनी त्यांना कळवलंच नव्हतं. आमटीतलं तिरफळ टाळता येईल का, असं विचारत होते. मास्तर क्षमा मागायच्या आत फोन मीच घेतला.

“येईल की,” मी म्हटलं. “जेवताना ताटात बाजूला काढून ठेवायचं. आम्हीपण तेच करतो.”