हावगेप्पांचा डीजे आणि बाबूलालमामांची सनई

आमचे अप्पा, हावगेप्पा, मन्नाएखेळ्ळीत हायवेला लागून माईकसेटचं दुकान चालवायचे. दुकानाला नाव माझंच: नागरत्ना साउंड सर्व्हिस. बिघडलेले कर्णे दुरुस्त करत बसायचे आणि जुन्या कॅसेटवर सनई लावायचे, इतकी हळू की शेजारच्या चहावाल्यालाही ऐकू जात नसे. पुढे लग्नांत डीजेशिवाय कुणी विचारेना, तेव्हा त्यांनी कर्णे काढून टाकले आणि टेम्पोवर भिंतीएवढे बॉक्स चढवले. स्वतः मात्र कानात कापसाचे बोळे घालून बसायचे.

माझ्या मैत्रिणीच्या भावाच्या वरातीत मी टेम्पोत त्यांच्या शेजारीच होते. टेम्पोच्या पुढे रिवाज म्हणून बाबूलालमामांची सनई सांगितली होती. मामा आमच्या भागातले जुने वाजंत्री. अप्पा लहानपणी त्यांची सनई ऐकायला गावोगाव हिंडलेले. मामांचे गाल फुगत होते, बोटं फिरत होती, पण डीजेपुढे त्यांचं काय ऐकू येणार? अप्पा बराच वेळ बघत राहिले आणि देवळापाशी त्यांनी एकदम मशीन बंद केली.

मामांची बोटं तशीच चालू होती. सनईतून मात्र आवाज येत नव्हता.

आधी कुणाला काही समजेना. मग पोरं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा नुसताच गाल फुगवायलाय." मामा सनई खाली घेऊन गर्दीतून निघून गेले. नवरदेवाचे चुलते अप्पांवर धावून आले. "कामून बंद केलास?" अप्पांनी मशीन परत लावली.

दुसऱ्या दिवशी अप्पा मला घेऊन मामांच्या घरी गेले. "मामा, तुमची सनई लोकांनी ऐकावी म्हणून बंद केलो. मला ठाव नव्हतं."

मामा म्हणाले, "छातीत दम उरला न्हाई रे हावगेप्पा. तुझ्या आवाजाच्या आडोशानं माझं चाललं होतं."

येताना अप्पांनी वाटेत स्कूटर थांबवली. "नागरत्ना, मी बरं केलो का वाईट?"

त्यानंतर मामांना कुणी बोलवेना. मग अप्पाच लग्नघरी जाऊन सांगायला लागले, "सनई पायजेच, शुभ असतंय." आणि मामा वरातीपुढे असले की डीजेचा आवाज इतका वाढवायचे की म्हातारी माणसं दारं लावून घ्यायची. मी एकदा म्हटलं, "अप्पा, लोक शिव्या द्यायलेत, जरा कमी करा." ते म्हणाले, "मामा म्होरं हायत." हे सनईवरचं प्रेम होतं की तिची थट्टा, मला तेव्हाही उलगडलं नाही.

गेल्या वर्षी अप्पा झोपेतच गेले. भेटायला आलेले म्हणत होते, "माणूस चांगला, पण आवाजाचा लई शौक." खरं काय ते सांगावं, तर मामांचं उघडं पडणार. मी मान हलवत राहिले.

मामाही आले. आईजवळ बसले. मग मला विचारलं, "आता टेम्पो कोण चालवणार, बाई?"

दुःखानं विचारलं की पोटाच्या काळजीनं, मला कळलं नाही. "बघू, मामा," एवढंच म्हणाले.

टेम्पो अजून दुकानापुढे उभा आहे. दोघंजण विकत मागून गेले. त्यांना काय सांगावं, माझं ठरत नाही.