भोकाशेजारचं रफू

रफूवाला नक्की कसा माणूस होता असं कुणी विचारलं, तर शेजारचा इस्त्रीवाला आजही गडबडतो. तीस वर्षं दोघांच्या दुकानांमध्ये फक्त एक लाकडी फळी; पण गड्याला चहात दोन चमचे साखर लागते, यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही.

एक मात्र त्याने रोज पाहिलं होतं. रफूवाल्याची नजर सुईच्या टोकावर बसली की तासभर हलायची नाही. डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावर.

त्या उजव्यातच मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन चिवट निघालं, दीड तास चाललं. "दिव्याकडे बघा, डोळा हलवू नका," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कुणी चुळबुळ केली असती. रफूवाल्याने सुईवर रोवावी तशी नजर दिव्यावर रोवली. डॉक्टरांनी शाबासकीही दिली.

पट्टी निघाली, तेव्हा दिवा आत राहूनच गेला होता. जिथे बघावं तिथे मधोमध करडा ठिपका. "एकाच जागी उजेड पडत राहून डोळ्याचा पडदा भाजलाय," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "कमी होईल कदाचित. दोन महिने थांबू."

"वहिनी काय म्हणतात?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"सरळ बघितलं की तिचं तोंडच ठिपक्यात जातं, म्हणून कडेने बघतो. तर म्हणते, या वयात तिरके कटाक्ष कसले टाकताय." तो जरासा हसला. "सांगितलं नाही अजून. हाताला काम जमलं, तर सांगायची वेळच यायची नाही."

दोन महिने गेले. ठिपका जागचा हलला नाही. एका दुपारी तो इस्त्रीवाल्याचाच सदरा घेऊन बसला. ठिणगी उडून त्याला भोक पडलं होतं. संध्याकाळी त्याने सदरा घडी करून दिला. रफू नेहमीसारखंच, धाग्यात धागा मिसळलेलं. फक्त ते भोकाशेजारच्या धड कापडावर होतं. भोक तसंच.

"बुजलं ना?"

इस्त्रीवाल्याने सदरा टेबलावर पसरला, वरून इस्त्री फिरवली. "बुजलं की. शोधून सापडत नाही."

त्यानंतर रफूचं दुकान उघडलं नाही. आता कुठल्याही कपड्यावर इस्त्री फिरवताना इस्त्रीवाल्याला खाली ते भोक लागल्यासारखं होतं, हात थांबतो. आपण खोटं बोललो ते रफूवाल्याला कळलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. त्या संध्याकाळी निघताना बोलणं झालं ते एवढंच.

"सुया तुझ्याकडे ठेवू का? घरी नातवंडं असतात."

"ठेव की. उद्याचा चहा माझा."

"साखर कमी सांग."